डोळे मिटणारी बाहुली



माझ्या आजच्या भाषणाचा विषय बाहुली हा आहे. सदुसष्ट वर्षांच्या, सेवानिवृत्त झालेल्या एका शाळामास्तरानें बोलावयाचा हा विषय नव्हे, असें आपल्यापैकीं कित्येकांस वाटेल. मलाहि तसेंच वाटत असे. मॅट्रिक होऊन मीं मास्तरकी पत्करली. त्यानंतरच्या काळांत एखादी मुलगी दप्तरांतून बाहुली घेऊन वर्गांत आली, तर मी ती काढून घेऊन टेबलाच्या खणांत ठेवीत असें व शाळा सुटल्यावर परत देत असें. त्या खणांत किती बाहुल्या मुक्काम करून गेल्या, याची मला गणती नाहीं. परंतु गेल्या वर्षभरांत माझ्या घरांत अशी एक गोष्ट घडली कीं, बाहुली ही काय वस्तु आहे, ती कोणाची, आणि कोणत्या वयापर्यंत ती हातांत धरावी, याविषयींचे माझे पूर्वीचे विचार मला पुन्हां तपासून पाहावे लागले. ती गोष्ट यथावकाश सांगेन. आधीं जुन्या काळाकडे वळतों.

माझें बालपण सावंतवाडीजवळच्या एका खेडेगांवांत गेलें. तेव्हां तो मुलूख रत्नागिरी जिल्ह्यांत मोडत असे. सिंधुदुर्ग हा निराळा जिल्हा १९८१ सालीं झाला. वाडीचीं लांकडी खेळणीं महाराष्ट्रांत सर्वांस ठाऊक आहेत. तेथें चितारआळी नांवाची एक आळी आहे. तेथील चितारी लोक लांकडाचीं फळें, भाज्या, भातुकलीचीं भांडीं, रंगीत पाट, चौरंग आणि बाहुल्या पिढ्यान्‌पिढ्या करीत आले. पांगाऱ्याचें लांकूड मऊ व हलकें, हत्याराला अडून न बसणारें, म्हणून त्याचा उपयोग फार. तेथलीं लांकडी केळीं आणि वांगीं इतकीं हुबेहूब रंगविलेलीं असत कीं, परगांवचा पाहुणा त्यांतलें एखादें उचलून पाहिल्याशिवाय राहत नसे, आणि उचलल्यावर आम्हां मुलांना हंसण्याचा हक्क प्राप्त होत असे.

माझी बहीण माझ्याहून तीन वर्षांनीं धाकटी. तिच्यासाठीं आजीनें वाडीच्या बाजारांतून एक ठकी आणली होती. ठकी म्हणजे लांकडी बाहुली. हा शब्द आतां मुलांच्या बोलण्यांतून जवळजवळ गेलाच आहे. आमच्या लहानपणीं मात्र एखादी मुलगी कामाच्या वेळीं नुसतीच उभी राहिली, तर तिला मोठीं माणसें 'ठकी' म्हणूनच हांक मारीत. आमची ठकी वीतभर उंचीची, एका अखंड लांकडांतून कोरलेली. हात अंगालाच चिकटलेले. पाय लुगड्याच्या रंगाखालीं असतील तर असतील. तांबडें लुगडें, पिंवळी चोळी, कपाळावर कुंकवाचा ठसठशीत ठिपका आणि काळ्या रंगाचे दोन वाटोळे, सदैव उघडे डोळे. ती वांकत नसे, बसत नसे, आणि निजविली तरी टक्क आढ्याकडे पाहत पडे. मग माझी बहीण तिच्या तोंडावर फडकें घाली व 'आतां ती निजली' असें जाहीर करी. आम्ही सर्वजण तें मान्य करीत असूं व कांहीं वेळ हळू आवाजांत बोलत असूं.

१९६७ सालच्या चतुर्थीला मुंबईहून मामा आले. मामा गिरणींत कामाला होते. चाकरमान्याची पत्र्याची पेटी उघडण्याचा सोहळा ज्यांनीं पाहिला असेल, त्यांना त्याचें वर्णन नको; ज्यांनीं पाहिला नसेल, त्यांना तें सांगून पटावयाचें नाहीं. चहाची पूड निघाली, साबणाच्या वड्या निघाल्या, आजीसाठीं पातळ निघालें, आणि अगदीं तळाशीं वर्तमानपत्रांत गुंडाळलेली एक प्लॅस्टिकची बाहुली निघाली. गुलाबी अंग, सोनेरी केंस, फुगलेले गाल. मामांनीं ती आडवी धरली, तों तिचे डोळे मिटले. उभी केली, तों ते उघडले. आजी दोन पावलें मागें सरली. शेजारच्या घरांतून माणसें पाहावयास आलीं. त्या वर्षीं आमच्या गणपतीपुढें जितकी गर्दी झाली, तितकी पूर्वीं कधीं झाली नव्हती, आणि त्यांतली निम्मी तरी गणपतीसाठीं नव्हती, हें कबूल केलें पाहिजे.

ठकी व ही नवी बाहुली यांच्यांत डोळ्यांखेरीज आणखी एक फरक होता. तो मला पुष्कळ वर्षांनीं उमगला. ठकी ही मोठी बाई होती. नवी बाहुली हें तान्हें मूल होतें. ठकीशीं खेळतांना माझी बहीण तिची शेजारीण होई, विहीण होई, तिचीं लग्नें लावी व मानपानावरून रुसे. या नव्या बाहुलीशीं खेळतांना ती एका दिवसांत आई झाली. पुढें वाचनांत आलें कीं, युरोपांतहि एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत बहुतेक बाहुल्या प्रौढ स्त्रियांच्याच रूपाच्या असत, आणि तान्ह्या मुलाच्या रूपाची बाहुली त्यानंतर लोकप्रिय झाली. तिकडे जो बदल होण्यास अर्धें शतक लागलें, तो आमच्या ओटीवर एका चतुर्थींत झाला. ठकीकडे मग सासूची भूमिका आली. ती भिंतीला टेकून उभी राहून सुनेच्या मुलाकडे पाहत असे. डोळे उघडेच असल्यामुळें तें काम तिला शोभलेंहि.

मला मात्र एकाच प्रश्नानें ग्रासलें होतें: आपल्याला निजविलें आहे, हें हिला कळतें कसें? मामा मुंबईस परतल्यावर एके दुपारीं, बहीण झोंपली आहे असें पाहून, मीं ती बाहुली गोठ्यामागें नेली आणि तिचें डोकें मानेपासून ओढून काढलें. आंत पाहतों तों दोन्ही डोळे एका आडव्या तारेवर बसविलेले. तारेच्या मध्यापासून एक वांकडा दांडा निघालेला, आणि दांड्याच्या टोंकाला शिशाचा एक लहान गोळा. बाहुली उभी असली म्हणजे गोळा खालीं लोंबे व डोळे उघडे राहत. बाहुली आडवी केली कीं गोळा आपला जमिनीच्या दिशेनेंच लोंबत राही, डोकें तेवढें त्याच्याभोंवतीं फिरे, आणि पापण्या खालीं येत. म्हणजे डोळे फिरत नव्हतेच. बाहुलीच आपल्या डोळ्यांभोंवतीं फिरत होती! पुढें सातवीच्या मुलांना गुरुत्वमध्य शिकवितांना हें उदाहरण मीं अनेकदां फळ्यावर काढून दाखविलें. तें मला कसें समजलें, हें मात्र वर्गांत कधीं सांगितलें नाहीं.

एवढ्यावर थांबून डोकें परत बसविलें असतें, तर आज या भाषणाचा प्रसंग आला नसता. पण तो गोळा पाहून मला गरी आठवली. व्हाळावर मासे धरावयाला जातांना दोऱ्याला बांधण्याजोगें वजन आम्हांला मिळत नसे. आम्ही खडे बांधीत असूं, आणि ते सुटून जात. शिशाचा एवढा सुबक गोळा एका बाहुलीच्या डोक्यांत पडून राहावा, हें मला अन्यायाचें वाटलें. मीं तो पिळून काढला, डोकें जागच्या जागीं दाबून बसविलें व बाहुली जेथून आणली होती तेथें नेऊन ठेविली. तिचे डोळे आतां ना धड मिटत, ना धड उघडत. ते अर्धवट राहिले होते.

बहिणीनें संध्याकाळीं जो आकांत केला, तो मी विसरलों नाहीं. आईनें बाहुली हातांत घेतली, कानाजवळ नेऊन हलवून पाहिली, आणि मग एकदां माझ्याकडे पाहिलें. मला कांहीं विचारलें नाहीं. विचारलें असतें, तर मी खोटें बोललों असतों, हें तिला ठाऊक असावें. त्या दिवसांत गांवांत डोळ्यांची सांथ चालू होती. आईनें बहिणीला जवळ घेतलें व म्हणाली, "रडा नको गो. तिचे डोळे इलेत." नंतर तिनें हळदीच्या पाण्यांत फडकें भिजवून त्याची घडी केली व बाहुलीच्या डोळ्यांवर ठेविली. बहीण तत्काळ रडावयाची थांबली. रोगी घरांत असल्यावर रडून कसें चालेल? त्यानंतर आठ दिवस ती बाहुली माजघराच्या अंधाऱ्या कोंपऱ्यांत होती. तिच्याकडे कोणीं रोखून पाहूं नये, असा हुकूम होता. रोज संध्याकाळीं घडी बदलली जाई. आठ दिवसांनीं डोळे बरे झाले, थोडा अधूपणा राहिला, असें ठरलें, आणि त्या अधू डोळ्यांची बाहुली बहिणीनें पुढें सहा-सात वर्षें सांभाळली. शिशाचा गोळा दुसऱ्याच दिवशीं व्हाळांतल्या एका कपारींत अडकून तुटला. त्यानें मला एकहि मासा मिळवून दिला नाहीं.

तो गोळा दोऱ्यावरून गेला, मनांतून गेला नाहीं. म्हणूनच कीं काय, बाहुल्यांविषयीं जें जें हातीं आलें, तें मी पुढें वाचीत राहिलों, आणि एक गोष्ट पाहून मला नवल वाटलें. बाहुल्यांच्या इतिहासांत मुलींपेक्षां मोठ्या माणसांचाच वावर अधिक आहे.

आपल्या महाभारतांतलाच प्रसंग घ्या. विराटाच्या घरीं अर्जुन बृहन्नडा होऊन राजकन्येला नृत्य शिकवीत असे. कौरवांनीं गाई पळविल्या, आणि उत्तर राजपुत्राचा सारथि होऊन तो निघाला, तेव्हां उत्तरेनें व तिच्या मैत्रिणींनीं त्याला काय सांगावें? भीष्मद्रोणांना जिंकलेंत म्हणजे आमच्या बाहुल्यांसाठीं त्यांचीं तलम रंगीत वस्त्रें घेऊन या! पुढें युद्ध झालें, संमोहनास्त्रानें कौरवसेना भूल पडून निश्चेष्ट झाली, आणि त्या क्षणीं अर्जुनाला त्या मुलींचे शब्द आठवले. द्रोण व कृप यांचीं शुभ्र वस्त्रें, कर्णाचें पिंवळें, अश्वत्थामा व दुर्योधन यांचीं निळीं, अशीं तीं घेऊन ये, असें त्यानें उत्तराला सांगितलें; आणि भीष्मांकडे जाऊं नको, ते सावध आहेत, असेंहि बजावलें. तेरा वर्षांच्या वनवास-अज्ञातवासानंतर शत्रु प्रथमच समोर निश्चेष्ट पडला आहे, आणि हा वीर बाहुल्यांच्या लुगड्यांचे रंग निवडतो आहे. विराटपर्व शिकवितांना हा भाग किरकोळ म्हणून मी गाळीत असें. आतां तसें करणार नाहीं.

दुसरें उदाहरण अमेरिकेंतील थोर संशोधक एडिसन याचें. ध्वनिलेखनाचें यंत्र त्यानें शोधून काढलें, तें सर्वांस माहीत आहे. तेंच यंत्र लहान करून त्यानें पत्र्याच्या बाहुलीच्या पोटांत बसविलें, व १८९० सालीं ती बोलकी बाहुली विकावयास काढली. पाठीमागचा दांडा फिरविला कीं ती बालगीत म्हणे. एका ध्वनिमुद्रेवरून दुसरी छापण्याची युक्ति तेव्हां साधली नव्हती, म्हणून कारखान्यांत तरुण मुली बसून तेंच गीत प्रत्येक बाहुलीसाठीं पुन्हां पुन्हां म्हणत. बाहुल्या नाजूक निघाल्या, मेणाची मुद्रा लवकर झिजे, आणि आवाज इतका कर्कश कीं मुलांना त्याची गोडी लागेना. कांहीं आठवड्यांतच विक्री बंद करावी लागली. त्यांतल्या कांहीं झिजलेल्या मुद्रांवरील आवाज अलीकडे, म्हणजे २०१५ च्या सुमारास, सुईचा स्पर्श न करतां प्रकाशाच्या साहाय्यानें वाचून पुन्हां ऐकतां आला. ज्या थोरानें जगाला ध्वनि साठवून ठेवावयास शिकविलें, त्याची बाहुली बोलली, पण ती मुलांना नको होती. बाहुलीच्या वतीनें बोलण्याचें काम मुलांना स्वतःकडेच ठेवावयाचें असतें, असा माझा तर्क आहे.

तिसरी हकीकत जपानची. तिच्यांत मास्तर आहेत, म्हणून ती मला विशेष प्रिय. अमेरिकेनें १९२४ सालीं जपानी लोकांस आपल्या देशांत येऊन राहण्याची बंदी करणारा कायदा केला. दोन्ही राष्ट्रांत कटुता आली. जपानांत पुष्कळ वर्षें राहिलेले सिडनी ग्युलिक नांवाचे एक पाद्री होते. मोठ्यांचीं मनें वळत नाहींत, तर मुलांपासून आरंभ करावा, असें त्यांना वाटलें, आणि १९२७ सालीं तेथील बाहुल्यांच्या सणाच्या निमित्तानें अमेरिकेंतील मुलांनीं १२,७३९ बाहुल्या जपानांतील शाळांना पाठविल्या. यांतल्या पुष्कळ बाहुल्या निजविल्या म्हणजे डोळे मिटीत, व कलत्या केल्या म्हणजे पोटांतल्या लहान भात्यांतून 'मामा' असा आवाज काढीत. हा आवाज त्यांच्या भाषेंत आईला मारलेली हांक होय, आमच्या मामांशीं त्याचा संबंध नाहीं. जपाननें उलट भेट म्हणून अठ्ठावन्न मोठ्या, रेशमी वस्त्रें ल्यालेल्या बाहुल्या अमेरिकेस धाडल्या. पुढें दुसरें महायुद्ध पेटलें. १९४३ च्या सुमारास, ह्या बाहुल्या शत्रूच्या हेर आहेत, त्यांचा नाश करा, अशी हांकाटी झाली. कांहीं शाळांतून त्या जाळण्यांत आल्या. कोठें कोठें तर मुलांकडून त्यांना बांबूच्या भाल्यांनीं भोसकविण्यांत आलें. परंतु कांहीं शिक्षकांनीं जिवावरची जोखीम पत्करून आपल्या शाळेंतील बाहुली लपविली. कोणीं माळ्यावर, कोणीं अडगळींत. तीनशेंच्या वर बाहुल्या अशा रीतीनें आजपर्यंत टिकल्या आहेत. बाहुली ही निर्जीव वस्तु, असें आपण म्हणतों. परंतु तिला शिक्षा फर्मावणारीं माणसें प्रौढ होतीं, आणि तिला लपविणारीं माणसेंहि प्रौढच होतीं.

पुण्यास राजा केळकर संग्रहालयांत मुलांची सहल नेली असतां, तेथें जुन्या बाहुल्या व खेळणीं काचेच्या कपाटांत पाहिलीं. तो संग्रह दिनकर केळकर यांनीं जन्मभर हिंडून जमविला, आणि त्याला सातव्या वर्षीं निवर्तलेल्या आपल्या मुलाचें नांव दिलें. आमच्या ठकीचें पुढें काय झालें, हें मात्र मला सांगतां येत नाहीं. पावसाळ्यांत चुलीजवळ लांकडें सुकत घालीत, त्या ढिगांत तिला शेवटची पाहिल्याचें मला स्मरतें. आज हौशी लोक दिवाणखान्यांत ठकी मांडून ठेवितात, आणि जुन्या खेळण्यांच्या आठवणीनें गहिंवरतात. त्यांचा मी अनादर करीत नाहीं. परंतु 'आमच्या वेळचें तेंच चांगलें' असें म्हणावयास माझी जीभ रेटत नाहीं. ठकी आमच्या वेळची होती, आणि आम्हीच तिला एका चतुर्थींत सासू करून भिंतीला टेकविली.

आतां हल्लींच्या बाहुलीकडे येतों.

माझा मुलगा पुण्यास असतो. त्याच्या मुलीला, म्हणजे माझ्या सहा वर्षांच्या नातीला, वाढदिवसाला एक बाहुली मिळाली. तिचें अंग माणसाच्या कातडीसारखें मऊ आहे, मनगटाला वळ्या आहेत, नखांना फिकट रंग आहे. पाठींत बॅटरी आहे, त्यामुळें ती हंसते, उचकी देते, आणि रडावयास लागली म्हणजे तोंडांत बाटली धरीपर्यंत थांबत नाहीं. डोळे मात्र कांचेचे, न मिटणारे. म्हणजे एवढ्या प्रगतीनंतर डोळ्यांच्या बाबतींत आपण ठकीपाशींच आलों! खेळण्यांना सरकारी मानकाची खूण आपल्या देशांत १ जानेवारी २०२१ पासून सक्तीची झाली आहे. ती खूण या बाहुलीच्या खोक्यावर होती, आणि बॅटरीचें झांकण स्क्रूनें बंद केलेलें होतें. गोठ्यामागें नेऊन नुसत्या बोटांनीं उघडण्याची सोय राहिलेली नाहीं.

गेल्या मे महिन्यांत नात आमच्याकडे आली ती ही बाहुली घेऊन. आमच्या घरीं माझी आई आहे. ती आतां सत्त्याऐंशी वर्षांची आहे. गेलीं चार वर्षें तिची स्मृति हळूहळू जात आहे. सकाळचा वेळ बरा जातो, परंतु दिवेलागण झाली कीं तिचा जीव कासावीस होतो. "चेडू खंय गेला?" असें विचारीत ती दारापर्यंत जाते, अंगणांत पाहते, परत येते, पुन्हां जाते. कोणती मुलगी, केव्हांची मुलगी, हें तिला सांगतां येत नाहीं. माझी बहीण साठी ओलांडून आपल्या घरीं सुखांत आहे, हें सांगून उपयोग होत नाहीं.

एके दिवशीं संध्याकाळीं नातीची बाहुली पलंगावर पडली होती. आईनें ती उचलली, पदराखालीं घेतली, आणि भिंतीला टेकून बसली. त्या संध्याकाळीं ती दाराकडे गेली नाहीं. इतक्यांत बाहुली रडावयास लागली. आईनें थोपटलें, हलविलें, पोटाशीं धरलें. बाहुली थांबेना. बाटलीची युक्ति आईला ठाऊक असण्याचें कारण नव्हतें. तिच्या चेहऱ्यावर अशी भीति उमटली कीं, ती आठवली तरी मला अजून बरें वाटत नाहीं. आम्ही मोठीं माणसें काय करावें, या विचारांत उभीं राहिलों. नातीनें बापाकडून स्क्रूड्रायव्हर आणविला, पणजीच्या मांडीवरूनच बाहुली उलटी करून घेतली, झांकण उघडून दोन्ही बॅटऱ्या काढल्या, आणि बाहुली पुन्हां पणजीच्या पदराखालीं दिली. सुटी संपल्यावर ती बाहुली येथेंच ठेवून गेली. बॅटऱ्या तेवढ्या घेऊन गेली. त्या दुसऱ्या कशाला तरी लागणार होत्या.

येथून माझ्या परीक्षेला आरंभ झाला. एक नातेवाईक घरीं आले. आईच्या मांडीवर बाहुली पाहून ते हंसले व मला म्हणाले, "काय मास्तर, म्हातारीला खेळवायला बसविलीत काय?" मला लाज वाटली. जी बाई खटल्याचें घर चालवीत असे, जिनें गोठा, शेत आणि आमचीं दुखणीं सांभाळलीं, तिच्या हातीं आपण खेळणें दिलें, हा तिचा अपमान तर नव्हे? दुसरे दिवशीं पाहुणे यावयाचे होते, म्हणून मीं बाहुली कपाटांत बंद करून ठेविली. शाळेंतला तो खण मला तेव्हां आठवावयास हवा होता, पण आठवला नाहीं. पाहुणे असेपर्यंत आई कांहीं बोलली नाहीं. ते गेल्यावर ती घरभर शोधीत राहिली. न्हाणीघरांत पाहिलें, पलंगाखालीं पाहिलें, भाताच्या कणगीमागें पाहिलें, आणि शेवटीं जिन्याच्या पायरीवर बसून रडूं लागली. मीं बाहुली काढून दिली. त्या रात्रीं मला झोंप आली नाहीं.

डॉक्टरांना विचारलें. ते म्हणाले, तिला स्वस्थता वाटत असेल, तर काढून घेऊं नका. नको म्हणाली, तर आग्रह करूं नका. पाश्चात्त्य देशांतील वृद्धसेवागृहांत अशा रुग्णांच्या हातीं बाहुली देण्याची रीत पडली आहे, आणि तिकडेहि तिजविषयीं एकमत नाहीं. कित्येकांना शांतता मिळते, असा सेवकांचा अनुभव आहे. उलट, वृद्धांना लहान मूल समजणें हें त्यांच्या प्रतिष्ठेला धरून नाहीं, असें म्हणणारेहि जाणते लोक आहेत. दोन्ही बाजू मला पटतात. म्हणून मीं आपल्यापुरता एक नियम केला आहे. 'हें तुझें मूल आहे' असें मी आईला सांगत नाहीं, आणि 'अग, ही बाहुली आहे' असेंहि सांगत नाहीं. ती जें म्हणेल, त्याला हुंकार देतों. ज्यानें जन्मभर चुकीच्या उत्तरावर तांबडी रेघ ओढली, त्याला हें किती जड जातें, तें माझे व्यवसायबंधु जाणतील.

यंदाच्या दिवाळींत बहीण माहेरपणाला आली. आईनें तिला ओळखलें नाहीं, पण तिच्या हातचा लाडू खाल्ला. रात्रीं आम्ही भावंडें ओटीवर बोलत बसलों असतां जुन्या बाहुलीचा विषय निघाला. अठ्ठावन्न वर्षांनंतर आतां सांगून टाकावें, असें मला वाटलें, आणि मीं तोंड उघडलें. पण तिनेंच मला थांबविलें. "दादा, शिसें तूं काढलेंस, हें मला तेव्हांपासून ठाऊक आहे. आईनें त्याच रात्रीं सांगितलें होतें. म्हणाली, तूं कांहीं बोलूं नको, तो आपणहून सांगेल."

म्हणजे दोघीजणी इतकीं वर्षें वाट पाहत होत्या.

दुसरे दिवशीं दिवेलागणीला मी आईजवळ जाऊन बसलों. बाहुली मांडीवर होती, आणि आई तिच्या कांचेच्या डोळ्यांवरून पुन्हां पुन्हां बोट फिरवीत होती. पापणी कोठें आहे, तें चांचपीत असावी. मीं म्हटलें, "आई, त्या बाहुलीचें शिसें मीं काढलें होतें. गरीला लावावयाला." तिनें माझ्याकडे पाहिलें. तें पाहणें ओळखीचें होतें कीं नव्हतें, हें मी सांगूं शकत नाहीं. मग ती म्हणाली, "झिला, ओलो फडको हाड."

मीं हळदीच्या पाण्यांत फडकें भिजवून आणलें. तिनें तें आपल्या हातानें पिळलें, घडी केली, व बाहुलीच्या डोळ्यांवर ठेविली. तेव्हांपासून रोज संध्याकाळीं ती घडी लागते. हळदीनें बाहुलीचें कपाळ पिंवळें झालें आहे. नात आली म्हणजे काय म्हणेल, कोण जाणे. फडकें भिजवून आणावयाचें काम माझ्याकडे आहे.